सातबारा कोरा, पण पाणी?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या. विषय मात्र कामाचा आहे. एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंगमध्ये साइट असेसमेंटचं एक छोटंसं प्रकरण असतं, जे आपण सगळे हमखास ऑप्शनला टाकतो. घरी प्लॉट घ्यायची बोलणी सुरू झाली म्हणून मी ते नीट वाचलं.

जागा घेताना वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट देतो. मालक कोण, बोजा आहे का, सगळं कळतं. शेजारच्या जमिनीत काय मुरलंय ते मात्र त्यात नसतं. अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातलं लव्ह कॅनाल हे याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. हूकर केमिकल कंपनीने 1942 पासून तिथल्या एका अर्धवट कालव्यात सुमारे 21,000 टन रासायनिक कचरा पुरला आणि 1953 मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खाली रसायनं आहेत हे त्या खरेदीखतात लिहिलेलं होतं! पण लोकांची घरं कालव्याच्या कडेने उभी राहिली, आणि शेजारच्या प्लॉटवाल्याला ते खत कोण दाखवणार? तळघरांत रसायनं झिरपू लागली. 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. त्यातूनच 1980 चा सुपरफंड कायदा आला. आज तिकडे व्यावसायिक जागा घेण्याआधी आजूबाजूच्या एक मैलापर्यंतच्या नोंदी तपासतात. आपल्याकडे हे काम आपणच करायचं.

धोका असायला तीन गोष्टी लागतात : घाण कुठेतरी हवी, तिला वाट हवी, आणि वाटेच्या शेवटी आपली विहीर किंवा बोअर हवा. एक जरी नसली तरी निम्मी काळजी मिटली.

घाण शोधायला आधी चालत फिरा. पेट्रोल पंप, गॅरेज, प्लेटिंगची शेड, भंगारवाला, कचरा डेपो. जे बंद पडलंय ते जास्त महत्त्वाचं. गूगल अर्थवर जुनी चित्रं दिसतात, ती वर्षावर्षाने बघा. शेजारच्या गटाचा सातबारा काढा. त्यातल्या बारा नंबरात पिकांची नोंद असते. चांगली बागायत मध्येच चार-पाच वर्षं पड दिसली तर का, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. एजंटला नको!

आता वाट. इथे आपला डार्सी उपयोगी पडतो. समजा वाळूचा थर आहे, पारगम्यता दिवसाला 10 मीटर, पाण्याच्या पातळीचा उतार 0.005 आणि सच्छिद्रता 0.25. वेग येतो 10 गुणिले 0.005 भागिले 0.25, म्हणजे दिवसाला 0.2 मीटर. 300 मीटरवरचं पाणी 1500 दिवसांत, चार वर्षांत दारात. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये मात्र हे गणित फसवं आहे, कारण पाणी भेगांतून आणि मुरमातून पळतं. तिथे वेगापेक्षा दिशा बघावी. तीन विहिरी घ्या. सकाळी पंप लावायच्या आधी काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि काठाची लेव्हल डंपीने घ्या. वजाबाकी केली की पाण्याची पातळी मिळते. सर्वात उंच आणि सर्वात खालच्या विहिरीला जोडणाऱ्या रेषेवर मधल्या विहिरीइतकी पातळी कुठे येते तो बिंदू काढा आणि मधल्या विहिरीला जोडा. या रेषेला काटकोनात, उताराकडे पाणी जातं. सर्व्हेची लॅब एकदा तरी कामी आली.

पंपाला सगळेच घाबरतात. एका लिटर पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझिन धरलं तर ते सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपर्यंत आणू शकतं. पण पेट्रोल पाण्यावर तरंगतं, आणि बेंझिन वाटेत जिवाणू बऱ्यापैकी खाऊन टाकतात. मला विचाराल तर प्लेटिंगची शेड जास्त वाईट. तिथलं सहासंयुजी क्रोमियम पाण्यात विरघळून पाण्याबरोबरच चालतं. धातूचं ग्रीस काढायचं ट्रायक्लोरोएथिलीन पाण्यापेक्षा जड, ते खाली बुडून भेगांत बसतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं सुटत राहतं. पाण्याचा नमुना नुसता 'पोटेबल आहे का बघा' म्हणून लॅबला देऊ नका. नेहमीच्या तपासणीत हे सगळं येईलच असं नाही. शेजारी काय होतं त्याप्रमाणे नाव घेऊन टेस्ट सांगावी लागते.

बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातून जो प्लॉट घ्यायचा चाललाय, त्याच्याजवळचा पंप उताराच्या खालच्या बाजूला निघाला. वरच्या बाजूला एक बंद शेड आहे. तिथे पूर्वी निकेल-क्रोमचं काम चालायचं, असं शेजारच्या मळ्यातल्या आजोबांनी सांगितलं. बोअरचं पाणी क्रोमियमसाठी दिलंय. टोकन अजून दिलेलं नाही. एजंट रोज फोन करतो, दुसरी पार्टी तयार आहे म्हणतो. रिपोर्ट येईपर्यंत बाबा फोन उचलत नाहीयेत.