शाळकरी मुले आणि व्यसन : धोका कोठे, आधार कोठे?

व्यसन ही समाजाला लागलेली कीड आहे, असे आपण सभासंमेलनांतून नेहमी ऐकतो. परंतु शाळेत जाणारे मूल व्यसनाकडे का वळते, याचा विचार क्वचितच होतो. २०१९ साली भारतातील १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तेव्हा ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले.

अमेरिकेतील हॉकिन्स, कॅटालानो व मिलर या अभ्यासकांनी १९९२ साली या प्रश्नावरील संशोधनाचा आढावा घेतला. त्याचे सार असे : कोणत्याही एका कारणाने मूल बिघडत नाही. धोके एकावर एक साचत जातात. वस्तू सहज मिळणे, घरातील मोठ्यांचे व्यसन, आईवडिलांचे दुर्लक्ष, अभ्यासात मागे पडणे आणि व्यसनी मित्रांची संगत, हे ते धोके होत. उलट आईवडिलांशी जिव्हाळा व शाळेची ओढ मुलाला सावरून धरतात.

आपल्याकडे पहिला धोका घरातच दिसतो. आजी मशेरी लावते, वडील तंबाखू मळतात आणि पुडी आणायला मुलालाच पाठवितात. आम्हीही एके काळी मुलाच्या हाती पैसे देऊन पुडी मागविली आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास व शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ साली आली. पण कायदा फार तर टपरीवाल्याला अडवील. पुडी आणायला पाठविणाऱ्या बापाला कोण अडविणार?

आइसलँड या लहानशा देशाचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९९८ साली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुले महिन्याभरात एकदा तरी दारूने झिंगलेली असत. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. तेथे नुसती भाषणे दिली नाहीत. मुलांसाठी खेळ व कलावर्ग वाढविले, त्यांच्या शुल्कास मदत दिली आणि पालकांना मुलांसोबत अधिक वेळ घालविण्यास सांगितले.

आपणही एवढे करू शकतो : विहारात सायंकाळी अभ्यासिका चालवावी, मुलांसाठी मैदान मोकळे ठेवावे, मागे पडलेल्या विद्यार्थ्याला पदवीधरांनी तासभर शिकवावे. पाचवे शील आपण विहारात म्हणतोच. ते आधी घरात पाळू या. आम्ही आता पुडी मागवीत नाही. बंधू-भगिनींनो, आपणही मागवू नका.