राखण की पाळत?

शास्त्रपाठ : अनुवाद ३२:१०; ईयोब ७:२०; उत्पत्ती ९:२०-२३

इब्री भाषेतील 'नात्सर' हे क्रियापद भाषांतर करणाऱ्यास विचारात पाडते. अनुवादाच्या ३२ व्या अध्यायात देव आपल्या लोकांना जिवापाड जपतो, तेथे हे क्रियापद आहे. आणि दुःखाने पिचलेला ईयोब देवाच्या नजरेखाली गुदमरून तक्रार करतो, तेथेही त्याचेच रूप आहे. मराठीत मात्र एकीकडे 'राखण' आणि दुसरीकडे 'पाळत' असा अर्थ घ्यावा लागतो. पाहणे तेच, ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला ते कसे वाटते, यावर शब्द ठरतो.

हा प्रश्न आता आपल्या घरांत आला आहे. मुले नोकरीनिमित्त परगावी, वृद्ध आईवडील एकटे. मग काळजीपोटी त्यांच्या खोलीत कॅमेरा बसतो. हेतू चांगलाच असतो. परंतु त्यांना विचारले जाते काय?

साधने सारखी नसतात. २०२०-२१ च्या साथीत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर बोटातून तांबडा व अवरक्त प्रकाश सोडतो आणि त्यातील किती शोषला गेला यावरून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगतो. पडल्याची सूचना देणारे मनगटी घड्याळ हालचालीतील आकस्मिक बदल ओळखते. कोणी सावकाश घसरून पडल्यास ते चुकूही शकते. पण या दोहोंना चेहरा दिसत नाही. कॅमेऱ्याला मात्र कपडे बदलणे, रडणे, गुडघे टेकणे, सारेच दिसते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीला मोठे स्थान दिले. मात्र एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्याच्या कलम ३ ने कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे मुलगा व आई यांच्यामध्ये तो कायदा उभा राहत नाही. तेथे सदसद्विवेकबुद्धीच उभी राहिली पाहिजे.

नोहाच्या डेऱ्यातील प्रसंग येथे मार्ग दाखवितो. हामाने पित्याची नग्नता पाहिली आणि बाहेर जाऊन सांगितली. शेम व याफेथ पाठमोरे चालत आत गेले, त्यांनी पित्यावर वस्त्र घातले आणि तोंड फिरविलेलेच ठेवले. त्यांनी पित्याची निगा राखली, पण त्याच्याकडे पाहिले नाही.

म्हणून, वाचकहो, जे साधन कमीत कमी पाहून गरज भागविते ते आधी निवडा. बसविण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना समजेल अशा भाषेत सांगा, त्यांचा नकार ऐका आणि ते बंद करण्याची कळ त्यांच्या हाती द्या. स्मृतिभ्रंशामुळे संमती देणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्या बाबतीत तर अधिकच जपा. आणि यंत्र बसले म्हणून भेट व दूरध्वनी थांबू देऊ नका.

मननासाठी प्रश्न :
१. आपल्या घरातील देखरेखीस घरातील वृद्ध 'राखण' म्हणतील की 'पाळत'?
२. शेम व याफेथाप्रमाणे कोठे तोंड फिरविणे हेच आपले प्रेम ठरेल?