रोगट झाड किडीला बोलावते

बावडा परिसरात ऊस हे मुख्य पीक असले, तरी उसाच्या बांधाला लागून टोमॅटो, मिरची, कलिंगड, दोडका, केळी अशी पिके उभी असतात. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये चार-दोन झाडांची पाने पिवळी-हिरवी चट्टेदार दिसली, की आपण ती तशीच ठेवतो आणि सगळ्या प्लॉटवर औषध मारतो. पण ती चार झाडे नुसती आजारी नसतात. ती किडीला हाक मारत असतात.

२०२० च्या उन्हाळ्यात पुणे, सातारा आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत टोमॅटोची फळे एकसारखी न पिकता पिवळसर चट्ट्यांची होऊ लागली. लोकांनी त्याला 'तिरंगा' नाव दिले. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासल्यावर त्यांत प्रामुख्याने काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला. नाव काकडीचे असले तरी हा विषाणू टोमॅटो, मिरची, केळी, भोपळावर्गीय पिके आणि कित्येक तणांवरही जगतो. त्याचा प्रसार मावा करतो.

याच विषाणूवर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोगट भोपळ्याच्या वेलाचा वास निरोगी वेलासारखाच, पण जास्त तीव्र असतो, असे त्यात दिसले. त्या वासाने मावा वेलाकडे ओढला जातो. मात्र रोगट वेल त्याला मानवत नाही, तिथे त्याची वाढ नीट होत नाही. म्हणून तो सोंड खुपसून चव पाहतो आणि लवकरच दुसऱ्या वेलाकडे निघतो. विषाणूला हेच हवे असते! तो माव्याच्या सोंडेला काही सेकंदांत चिकटतो आणि पुढच्या एक-दोन झाडांतच उतरतो. मावा ठाण मांडून बसला असता, तर विषाणूही तिथेच अडकला असता.

आता फवारणीचा हिशेब करा. औषधाने मावा मरेपर्यंत त्याने निरोगी झाडात सोंड खुपसलेली असते. त्यामुळे बाहेरून उडत येणाऱ्या माव्यापासून हा रोग केवळ औषधाने थांबत नाही, खर्च मात्र वाढतो. रोगट झाड दिसल्याबरोबर उपटून पिशवीत घालावे व शेताबाहेर पुरावे. बांधावर टाकू नये. रोपे कीटकरोधक जाळीत तयार करावीत. लागवडीपूर्वीच कडेने मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी पेराव्यात. मावा आधी मक्यावर सोंड खुपसतो आणि तिथेच विषाणू गमावतो. रुपेरी आच्छादनामुळेही मावा कमी उतरतो.

पांढऱ्या माशीचे गणित वेगळे आहे. टोमॅटोच्या पिवळ्या पर्णगुच्छ रोगाच्या विषाणूवरील प्रयोगांत असे आढळले, की विषाणू अंगात नसलेली माशी रोगट झाड पसंत करते आणि विषाणू घेतलेली माशी निरोगी झाडाकडे वळते. या विषाणूसाठी माशीला काही वेळ रस शोषावा लागतो आणि पुढे ती बरेच दिवस तो वाहते. म्हणून इथे पिवळे चिकट सापळे आणि माशीचे वेळेवर नियंत्रण उपयोगी पडते. झाड उपटण्याआधी त्यावरील माशी मारावी, नाहीतर झाड हलताच ती उडून शेजारच्या झाडावर बसते.

बुरशीही हा डाव खेळते. ब्राझीलमध्ये ऊस कुजवणाऱ्या फ्युजॅरियम बुरशीवरील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बुरशी नसलेला खोडकिडीचा पतंग रोगट उसाकडे जातो, बुरशी वाहणारा पतंग मात्र निरोगी उसावर अंडी घालतो, असे त्यात आढळले. तेथील खोडकीड आपल्या खोडकिडीहून वेगळ्या जातीची आहे, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या उसाला लावता येणार नाही. तरीही पोंगामर झालेले कोंब काढताना कुजलेली, लाल पडलेली खोडेही सोबत काढावीत, आणि अशा उसाचे बेणे वापरू नये.

तोडे संपलेला जुना टोमॅटो प्लॉट नवीन लागवडीशेजारी महिनाभर उभा ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. नवीन रोपे आणण्यापूर्वी तो प्लॉट मोडून घ्यावा.