आधी नियम, मग प्रोग्रॅम

चि. मुक्ता,

दोन व्हर्जनांतलं नवं कोणतं, या सरावाच्या प्रश्नासाठी लिहिलेला तुझा प्रोग्रॅम वाचला. '१.२' आणि '१.३' मधलं नवं व्हर्जन तो बरोबर ओळखतो, पण '१.९' आणि '१.१०' दिले की १.९ ला नवं म्हणतो. तू स्ट्रिंग जशाच्या तशा ताडून पाहिल्यास, त्यामुळे हे होतं. तिथे अक्षराला अक्षर भिडतं. टिंबानंतर '९' आणि '१' समोरासमोर आले की निकाल लागला. पुढचं शून्य बघायची वेळच येत नाही.

यावर दशांश संख्या करून पाहायचा मोह होईल, तो टाळ. १.१० चं लगेच १.१ होतं. २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं, तेव्हा यामल फाइलींत अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं ३.१० असंच ३.१ म्हणून वाचलं जायचं.

व्हर्जन म्हणजे टिंबांनी वेगळे केलेले पूर्णांक. टिंबांवर स्प्लिट कर, प्रत्येक तुकड्याचा पूर्णांक कर आणि डावीकडून एकेक जोडी ताडून बघ. पहिला फरक दिसला की उत्तर मिळालं. '१.०१' आणि '१.१' आपोआप सारखे ठरतील. एकातले तुकडे आधी संपले, तर तिथे शून्य धर.

पण शून्य धरायचं की नाही, हे प्रश्न वाचून ठरव. '१.०' आणि '१.०.०' पायथनच्या पॅकेजांत समान असतात, डेबियनमध्ये १.० जुनं ठरतं. दोघांचंही बरोबर, कारण दोघांनी आपला नियम लिहून ठेवलाय. सिमँटिक व्हर्जनिंगमध्ये तर '१.०.०-आरसी.१' हे '१.०.०' च्या आधीचं. हायफनने असं शेपूट जोडलेलं व्हर्जन तिथे कच्चं, चाचणीसाठीचं.

म्हणून सांगते, अशा कामात खरी मेहनत नियम नेमका समजून घेण्यात आहे. तो पक्का असला की कोड दहा-बारा ओळींत होतो. आणि हा प्रश्न नुसत्या सरावापुरता समजू नकोस. अपडेट तपासणाऱ्या प्रोग्रॅमने नवं व्हर्जन जुनं समजलं, तर सुरक्षेची दुरुस्ती तयार असूनही माणसाच्या मशीनपर्यंत पोचत नाही, आणि त्याला ते कळतही नाही.

तेव्हा आता कोडला हात लावू नकोस. आधी वहीत अडचणीच्या जोड्या मांड आणि प्रत्येकीपुढे अपेक्षित उत्तर लिही. जिथे पेन अडेल, तिथे नियम अजून समजलेला नाही असं समज. त्या जोड्या मला पाठव. प्रोग्रॅम नंतर बघू.

तुझी,
शरयूमावशी