मंडळीचे गायन आणि ध्वनिमुद्रणाचे साधन

शास्त्रभाग : १ इतिहास १५:२२, १ इतिहास २५:१-८, लूक १४:२८-३०

दाविदाने परमेश्वराच्या सेवेसाठी गायकांची व्यवस्था कशी लावली हे सांगणारे अध्याय आपण बहुधा भरभर वाचून पुढे जातो. आसाफ, हेमान व यदूथून यांच्या मुलांची नावे आणि चिठ्ठ्यांचा क्रम यांत वर्गाचे मन रमत नाही, हे शब्बाथशाळेच्या शिक्षकांना सांगायला नकोच. तरीपण थोडे थांबून पाहावे. गायनात तयार झालेल्यांची संख्या २८८ होती. त्यांचे बारा-बारांचे २४ वर्ग पाडले. लहानथोर, शिकवणारा आणि शिकणारा, सर्वांच्या चिठ्ठ्या एकत्रच टाकल्या. कनन्याकडे गायन शिकवण्याचे काम आले ते तो त्यात निपुण होता म्हणून. भक्तिभाव असला की कसब नसले तरी चालते, असे येथे कोठेही म्हटलेले नाही.

या महिन्यात हा भाग घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. सूरत हे गुजरातचे शहर. पण उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत मराठी, विशेषतः खानदेशातून आलेली, वस्ती मोठी आहे. नंदुरबार-नवापूरकडची ख्रिस्ती कुटुंबेही कामधंद्यासाठी ताप्तीच्या रेल्वेमार्गाने इकडे येत राहिली. (नवापूरचे स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे.) या घरांतील मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोलतात, पण उपासना संगीताचे पुस्तक हाती दिले की अडखळतात. पुस्तकात शब्द आहेत, कोठे चालीचे नावही आहे. पण चाल स्वतः कोठे आहे? ती एखाद्या आजीच्या कंठात आहे, पेटीवर बसणाऱ्या एखाद्या वृद्ध काकांच्या बोटांत आहे. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी भजन-कीर्तनाची देशी रीत मंडळीत रुजवली. त्यांची पदे गावोगाव वेगवेगळ्या चालींवर म्हटली जातात. ज्या दिवशी त्या आजी जातील, त्या दिवशी त्या गावची चालही त्यांच्याबरोबर जाईल.

म्हणून पुष्कळ तरुण संघ म्हणतात, ‘आपल्याकडे टॅब्लेट आहे, आपण गाणी मुद्रित करू.’ विचार उत्तम आहे. पण मग कोणी सांगतो ‘ऑडिओ इंटरफेस घ्या’, आणि दुकानदार आठ माईकांचे यंत्र दाखवतो. येथे लूकच्या वचनातील बुरूज बांधणारा आठवावा. त्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करायचा होता. अर्पणाचा पैसा खर्च करताना पंचांना व खजिनदारांनाही हेच करावे लागते, आणि त्यासाठी हे साधन काय करते ते कळले पाहिजे.

माईकमधून येणारा विजेचा संकेत फार क्षीण असतो. इंटरफेस तो संकेत वाढवतो, नंतर त्याचे आकड्यांत रूपांतर करून टॅब्लेटकडे पाठवतो. एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतले जाते. सीडीचेही प्रमाण हेच आहे. चित्रफितीसाठी ४८,००० ठेवतात. यापुढचे मोठमोठे आकडे जाहिरातीत शोभतात. मंडळीच्या भजनाला त्यांची गरज नाही. मापाची बारकाई मात्र २४ बिट असावी, कारण मग आवाज थोडा हळू मुद्रित झाला तरी पुढे वाढवता येतो. टॅब्लेटचा स्वतःचा माईक मुख्यतः बोलण्यासाठी बसवलेला असतो. कित्येक टॅब्लेटांत तो आपणहून आवाज कमीजास्त करतो. धृपदाला सर्व मंडळी उठली की तो आवाज दाबतो, आणि पेटीचा लांबवलेला सूर त्याला गोंगाट वाटतो.

आता निवड. पहिला प्रश्न असा विचारावा की एका वेळी किती माईक लागतील? आमच्या मते बहुतेक मंडळ्यांना दोन पुरेत. गाणाऱ्यापुढे एक, पेटी व तबला यांच्या मधोमध एक. गायनवृंद असेल तर समोर दोन. मात्र ‘दोन इनपुट’ एवढे वाचून फसू नये. फोकसराइट कंपनीच्या ‘स्कार्लेट सोलो’ या इंटरफेसला माईकची जागा एकच आहे, दुसरी गिटारसारख्या वाद्यासाठी. तिच्याच ‘टू आय टू’ला माईकच्या दोन जागा आहेत. इतर कंपन्यांच्या मालातही हाच भेद असतो. खोक्यावर किंवा पाठीमागे माईकची तीन छिद्रांची जागा किती आहे ते मोजावे.

दुसरे, आपल्याजवळचा माईक कोणता आहे? मंदिरातील लाउडस्पीकरचा माईक बहुधा डायनॅमिक जातीचा असतो. त्याला वेगळी वीज लागत नाही. कंडेन्सर माईक अधिक नाजूक आवाज टिपतो, पण त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. त्यासाठी यंत्रावर बटण हवे. ज्या वायरीच्या एका टोकाला लाउडस्पीकरची जाड पिन असते, ती वायर येथे वापरू नये. दोन्ही टोकांना तीन पिनांची वायर घ्यावी. नाहीतर घूं असा विजेचा आवाज गाण्याखाली बसतो आणि तो पुढे काढता येत नाही. यंत्रावर हजारो रुपये खर्चून वायरीवर काटकसर करणारे लोक पाहिले की आम्हांला हसावे की रडावे कळत नाही.

तिसरी गोष्ट टॅब्लेटची, आणि बहुतेकांचे येथेच अडते. इंटरफेस ‘क्लास कम्प्लायंट’ आहे काय, म्हणजे वेगळे सॉफ्टवेअर न घालता चालतो काय, हे विचारून घ्यावे. आयपॅडला असाच लागतो. ज्या आयपॅडला यूएसबी-सी जागा आहे (प्रोला २०१८ पासून, एअरला २०२० पासून, साध्या आयपॅडला २०२२ पासून) त्याला इंटरफेस सरळ जोडता येतो. जुन्या लाइटनिंग जागेच्या आयपॅडला कॅमेऱ्याचा ॲडॉप्टर लागतो, आणि तोही चार्जरची वायर लावता येईल असा, कारण त्या जागेतून मिळणारी वीज इंटरफेसला अपुरी पडते. अँड्रॉइडमध्ये अशा यंत्रांची सोय २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून आली. पण ती प्रत्येक टॅब्लेटमध्ये सारखी चालत नाही. म्हणून टॅब्लेट बरोबर नेऊन दुकानातच जोडून, पाच मिनिटे मुद्रित करून पाहावे. इंटरफेस जोडला की चार्जिंगची जागा अडते, तेव्हा वीज आत घेणारा हब जवळ असावा. नाहीतर चौथ्या गाण्याला टॅब्लेट बंद पडेल. मुद्रणासाठी आयपॅडवर गॅरेजबँड फुकट मिळते. सुरुवातीला दुसरे काही विकत घेऊ नये.

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज टॅब्लेटमधून फिरून कानी येतो तेव्हा तो किंचित उशिरा येतो आणि ताल चुकतो. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ची सोय असली की आवाज न फिरता सरळ हेडफोनमध्ये जातो. ही सोय असलेलेच यंत्र घ्यावे.

यंत्र आणल्यावर खरी परीक्षा खोलीची. सूरतेत रस्ता शांत असतो तो पहाटे. आणि जवळ लूमचे कारखाने असतील तर तेव्हाही नाही. पंखा बंद करावा, रेकॉर्डिंगपुरते घामाघूम व्हावे. भिंतींवरून आवाज परतू नये म्हणून गोधड्या टांगाव्यात व खाली सतरंज्या घालाव्यात. सूरतेत साड्यांना तोटा नाही, पण पातळ कापडाने आवाज अडत नाही. आवाजाची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा स्वरही शून्याच्या बराच खाली, उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. लाल दिवा लागला की तेवढा स्वर फाटला. तो पुन्हा सांधता येत नाही. दोन माईकांचे मुद्रण मिनिटाला सुमारे १६ मेगाबाइट जागा घेते, तासाला एका गिगाबाइटच्या आतबाहेर. मूळ प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

हक्काचाही प्रश्न आहे. आपल्या कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या पदांवर हक्क राहतो. टिळकांची पदे केव्हाच मोकळी झाली. पण हयात कवींच्या गीतांसाठी, नव्या चालींसाठी, लेखी परवानगी मागावी. उपासनेत गाणे वेगळे, आणि मुद्रित करून वाटणे वेगळे.

साधनाची आणि प्रचाराची सांगड सूरतेला नवी नाही. लंडन मिशनचे स्किनर व फायव्ही १८१५ साली येथे आले. १८२० च्या सुमारास गुजराती नवा करार येथेच छापून निघू लागला. त्या काळी खिळे, शाई आणि कागद यांचे ज्ञान असलेला मनुष्य मिशनला हवा होता. आज वायर आणि माईक जाणणारा हवा आहे. तो मंडळीतच असतो. बहुधा मागच्या बाकावर बसणारा, कॉलेजात जाणारा मुलगा. त्याला पाचारण करावे, आणि त्याच्याबरोबर चाल जाणणाऱ्या आजींनाही बसवावे. शिकवणारा आणि शिकणारा, दोघांची चिठ्ठी एकत्र.

इंटरफेससाठी पैसे जमेपर्यंत मात्र थांबू नये. आजींचे वय ऐंशीच्या पुढे असेल तर आज साध्या मोबाइलवरच, पंखा बंद करून, माईकचे टोक त्यांच्याकडे वळवून, त्यांची दहा पदे घ्यावीत. यंत्र पुढल्या वर्षी येईल.

वर्गासाठी प्रश्न : १ इतिहास २५:८ मध्ये गुरू व शिष्य यांना एकत्र का धरले असावे? आपल्या मंडळीत पुस्तकात नसलेली चाल कोणाकोणाला येते? त्यांची नावे वर्गात लिहून घ्या आणि पुढील शब्बाथापूर्वी त्यांच्यापैकी एकाच्या घरी कोण जाणार ते ठरवा.