नदीपलीकडचं गिऱ्हाईक

ओहायोतलं सिनसिनाटी आणि केंटकी राज्य यांच्यामध्ये फक्त एक नदी आहे. लोक रोज पूल ओलांडून कामाला जातात. शहराचा विमानतळसुद्धा केंटकीतच आहे. राज्य बदललं हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. पिस्तूल विकायला काढलं की मात्र हीच नदी आडवी येते. तिथल्या एका मराठी गृहस्थांना ती आली, आणि त्याचा राग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही.

गृहस्थ अमेरिकेचे नागरिक, पिस्तूल रीतसर घेतलेलं. गिऱ्हाईक ओळखीतून आलेलं, फोनवर ‘मी इथलाच’ म्हणालेलं. पार्किंगमध्ये भेट झाली, पैसे मोजून झाले. खाजगी विक्रीत ओळखपत्र बघण्याची ओहायोत सक्ती नाही, तरी गृहस्थांनी ड्रायव्हिंग लायसन्स मागितलं. त्या माणसाने पाकीट उघडून नुसतं पुढे केलं. अंगठा कार्डाच्या वरच्या कडेवर. गृहस्थांनी कार्ड मागून हातात घेतलं. अंगठ्याखाली लिहिलं होतं: केंटकी.

व्यवहार तिथेच संपला. १९६८ च्या केंद्रीय बंदूक नियंत्रण कायद्याप्रमाणे, समोरचा दुसऱ्या राज्याचा रहिवासी आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, खाजगी माणसाला त्याला बंदूक विकता येत नाही, बदल्यात देता येत नाही, भेटही देता येत नाही. लायसन्स पाहिल्यावर ‘मला कुठे माहीत होतं’ म्हणायची सोय उरत नाही. जाणूनबुजून केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घेणाराही सुटत नाही. परराज्यात असं घेतलेलं हत्यार आपल्या राज्यात नेणं हा त्याचा वेगळा गुन्हा.

गिऱ्हाईक आधी हसलं. दोन्ही राज्यांत खाजगी विक्रीला घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणी लागत नाही, मग अडतं कुठे, असं विचारू लागलं. ते खरं आहे, पण एकाच राज्यातल्या दोघांपुरतं. मग आवाज चढला, ‘शब्द फिरवता’ झालं, पेट्रोलचे पैसे मागून झाले. शेवटी, ‘तुम्हा लोकांना इथले कायदे काय कळणार?’ हे वाक्य गृहस्थांना फार लागलं. कायदा त्यांनाच ठाऊक होता. पत्ता लपवला होता दुसऱ्याने. वर ज्याच्या ओळखीतून गिऱ्हाईक आलं तो मध्यस्थही म्हणाला, ‘एवढं काय, नदी तर ओलांडायची!’

सरळ वाट होती, ती गृहस्थांनी सुचवलीही. पिस्तूल घेणाऱ्याच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे, म्हणजे एफएफएलकडे, पोचवायचं; घेणाऱ्याने तिथे फॉर्म ४४७३ भरून तपासणीला सामोरं जायचं. रायफल किंवा शॉटगन असती तर दोन्ही राज्यांचे नियम पाळून ओहायोतल्या विक्रेत्याकडेही जमलं असतं. विक्रेत्याला आधी फोन करावा, काही जण खाजगी माणसाकडून हत्यार घेतच नाहीत. दुकानाची पायरी चढायला जो तयार नाही, त्याच्याशी पुढे बोलूच नये. हा माणूस तयार नव्हता.

दुकानातून गेलं की सगळं निस्तरतं असंही नाही. व्हर्जिनियातले माजी पोलीस अब्रॅम्स्की यांनी २००९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या नातेवाइकासाठी ग्लॉक १९ घेतलं. पोलिसांची सवलत मिळेल म्हणून. नातेवाइकाने ४०० डॉलरचा चेक आधीच दिला होता. पुढे पिस्तूल पेनसिल्व्हेनियातल्या परवानाधारकामार्फत त्याच्याकडे गेलंही. तरी फॉर्मवर ‘खरा खरेदीदार मीच’ असं लिहिल्याबद्दल ते दोषी ठरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते कायम केलं. ‘तुझ्यासाठी मी घेऊन ठेवतो’ हे मराठी मंडळींचं नेहमीचं बोलणं इथे महागात पडेल.

दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मुलाला वडिलांनी द्यायचं म्हटलं तरी हाच नियम. वारशाने किंवा मृत्युपत्राने आलेल्याला सूट आहे, आणि शिकारीसाठी तात्पुरतं उसनं देता येतं. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना, शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक जवळ बाळगताही येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

लायसन्सचा फोटो भेटीआधीच मागवावा, कार्ड हातात घेऊन वाचावं, पावती लिहून घ्यावी, अनोळखी माणसाला एकट्याने भेटू नये. गृहस्थांनी पिस्तूल अखेर गावातल्या परवानाधारक दुकानदाराला दिलं, बऱ्याच कमी भावात. तो फरक त्या गिऱ्हाइकाकडून वसूल व्हायला हवा होता, असं त्यांचं आजही ठाम मत आहे.