न्हाणीघराची जमीन : डागडुजी की नूतनीकरण?

घराची दुरुस्ती म्हटली की प्रथम रंगरंगोटी आठवते. न्हाणीघराची जमीन मात्र कोणाचा पाय घसरला किंवा खालच्या मजल्यावरील शेजारी तक्रार घेऊन आला, म्हणजेच ध्यानात येते. नोकरीच्या निमित्ताने दिल्ली व परिसरात स्थायिक झालेले कुटुंब रोहिणी, द्वारका किंवा मयूर विहार येथील जुनी सदनिका घेते, तेव्हा हा प्रश्न हमखास उभा राहतो. जुनी मोझेक फरशी फोडण्याऐवजी तिच्यावर विनाइल शीट चिकटविणे हा झटपट व स्वस्त उपाय असतो. काही वर्षांनी शीटचे सांधे उचलले जातात, कडा मुडपतात, मधेच फुगवटे दिसू लागतात. अशा वेळी ठिगळ लावावे की सर्वच बदलावे?

दोष वरचा की खालचा?

विनाइल शीट पीव्हीसीची असते. तिच्यातून पाणी झिरपत नाही, हा तिचा गुण; पण सांध्यातून किंवा कडेने खाली गेलेले पाणी वाळतही नाही, हा तिचा दोष. पाश्चात्त्य देशांत अंघोळीची जागा बहुधा वेगळी बंदिस्त असते व उरलेली जमीन कोरडी राहते. आपल्याकडे बादली-तांब्याची अंघोळ असल्याने सारी जमीन ओली होते. त्यातून दिल्लीच्या जानेवारीत आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत ती लवकर सुकत नाही. म्हणून शीट हे केवळ आच्छादन आहे, जलरोधक थर नव्हे, हे प्रथम जाणून घ्यावे.

खर्चाचा निर्णय पुढील तपासणीनंतरच घ्यावा.

१) शीटवर पायाने दाब द्यावा. जमीन दबत असेल, कुबट वास येत असेल किंवा खालून काळपट डाग उमटले असतील, तर ओल खोलवर गेली आहे असे समजावे.

२) एका कोपऱ्यातील शीट उचलून कोबा वरून कोरडा होऊ द्यावा. मग त्यावर सुमारे ४५ सेंमी चौरस पॉलिथीन चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवावे. आतून दव जमले किंवा कोबा गडद झाला, तर ओल खालून येत आहे.

३) खालच्या छतावरील ओल (दिल्लीचे मिस्त्री तिला ‘सीलन’ म्हणतात) न्हाणीघर न वापरताही कायम राहत असेल, तर नळाच्या पाइपवर संशय घ्यावा. सर्व नळ बंद करून पाण्याचा मीटर फिरतो का, ते पाहावे. ओल अंघोळीनंतरच वाढत असेल, तर दोष जमिनीत किंवा नहाणी ट्रॅपमध्ये असण्याचा संभव अधिक.

डागडुजी केव्हा?

कोबा कोरडा व घट्ट असेल आणि इजा थोडक्या जागेत असेल, तर डागडुजी पुरेशी होते. कपाटाखालचा, सहसा न दिसणारा तुकडा कापून फाटलेल्या जागेवर नक्षी जुळवून ठेवावा आणि दोन्ही थर धारदार सुरीने एकदमच कापावेत, म्हणजे ठिगळ अचूक बसते. जागा स्वच्छ व कोरडी करून गोंद लावावा, वजन ठेवावे आणि शेवटी सांधा सीलरने बंद करावा. मुडपलेली कड हेअर ड्रायरच्या सौम्य उष्णतेने मऊ करून पुन्हा चिकटविता येते.

नूतनीकरण केव्हा?

कोब्यातच ओल असेल, तर नवी शीट लावणे म्हणजे थकलेले कर्ज नव्या कर्जाने फेडून खाते नियमित दाखविण्यासारखे आहे. वरून सारे ठीक दिसते, पण आत स्लॅबमधील सळया गंजत राहतात. अशा वेळी जुना थर काढावा आणि गळके पाइप व ट्रॅप बदलावेत. मग ट्रॅपकडे मीटरमागे १० ते १५ मिमी ढाळ द्यावा व भिंतीवर किमान १५ सेंमी चढविलेला जलरोधक थर द्यावा. तो वाळल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून सुमारे २५ मिमी पाणी २४ ते ४८ तास साठवावे आणि शेजाऱ्यांच्या परवानगीने खालचे छत पाहावे. ते कोरडे राहिले तरच पुढचे काम करावे. अंघोळीच्या जागेत खरखरीत, न घसरणाऱ्या टाइल्स श्रेयस्कर. घरात वृद्ध असल्यास त्या अत्यावश्यकच.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. फार जुन्या, कडक व चौकोनी विनाइल टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. भारतीय मानक ३४६१ अशाच पीव्हीसी-ॲस्बेस्टॉस टाइल्ससाठी तयार करण्यात आले होते. त्या घासू किंवा फोडू नयेत. जाणकाराचा सल्ला घ्यावा.

हंगाम आणि राडारोडा

हिवाळ्यात हवा बिघडली की राजधानी परिसरात टप्प्याटप्प्याने निर्बंध लागू होतात आणि धूळ उडविणारी तोडफोड थांबवावी लागू शकते. अर्धवट उखडलेले न्हाणीघर घेऊन थांबण्यापेक्षा काम मार्च-एप्रिलमध्ये उरकावे. राडारोडा रस्त्यावर टाकू नये. त्यावर प्रक्रिया करणारे बुराडी येथील केंद्र २००९ मध्ये सुरू झाले. काढलेली शीट चौकीदाराच्या शेकोटीत तर कधीच जाऊ देऊ नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखे विषारी वायू निघतात.

खर्चाचा ताळमेळ

डागडुजी हा महसुली खर्च, तर नूतनीकरण बरेचसे भांडवली. पहिला मासिक उत्पन्नातून भागवावा. दुसऱ्यासाठी बचत किंवा गृहदुरुस्ती कर्ज यांचा विचार करावा. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीकर्जावरील व्याजाला आयकराच्या जुन्या पद्धतीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही. मिस्त्रीकडून जलरोधक थर व पाणी साठवून घ्यावयाची चाचणी यांचा स्वतंत्र उल्लेख असलेले लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि चाचणी यशस्वी होईपर्यंत काही रक्कम राखून ठेवावी.

आपली जमीन हेच खालच्या कुटुंबाचे छत असते. ते कोरडे राहिले, तर केलेला खर्च सार्थकी लागला असे समजावे.